कोणी नाव विचारलं तर

प्रश्न चांदनीला विचारला होता आणि उत्तर दिलं तिच्या बापाने. नुसतं दिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मुलगी अडली आणि बापाच्या तोंडून तिचं नाव निघून गेलं, यात कोणाचं काही बिघडत नाही. पण हिमांशु खुर्चीवरून ताडकन उठला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माय नेम इज हिमांशु ईश्वरदास गहाणे." हायवेवरच्या कॉन्व्हेंटच्या त्या खोलीत कूलर घरघरत होता. बड्या मॅडमचं पेन हवेतच थांबलं. रीताने, म्हणजे त्याच्या बायकोने, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. आणि चांदनी, जिने तोवर ओठ असे मिटून घेतले होते की जणू आत गूळ धरून ठेवलाय, ती खदाखदा हसली, टाळ्या पिटायला लागली. "पप्पानं सांगतलं! पप्पानं सांगतलं!" मॅडमही हसल्या. वाईट हसल्या नाहीत, हे हिमांशूला तेव्हाही कळलं होतं. "पप्पा तो पास हो गये," त्या म्हणाल्या, "बेबीला पुढच्या शनिवारी परत आणा. अजून काही मुलं राहिली आहेत, त्यांच्यासोबत बघू." रीता थँक्यू म्हणाली. हिमांशु अजून उभाच होता. बसावं की निघावं, हे त्याला सुचत नव्हतं.

सडक अर्जुनीत बसस्टँडपासून थोडं पुढे हिमांशूचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप. त्या दिवशी दुपारी तो गल्ल्यामागे बसून होता आणि दर दहा मिनिटांनी आतल्या आत उठून उभा राहत होता. कोणी युरिया मागितला की तो उठून युरिया द्यायचा आणि परत बसताना त्याला ती खोली आठवायची. एप्रिलचं ऊन हायवेवर पडलं होतं, रायपूरकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते, दुकानात खताचा तो डोळ्यांत जाणारा वास कोंडला होता, आणि हा तेहतीस वर्षांचा, चार गावांत उधारी वसूल करणारा, पंचायत समितीत साहेबाशी तावातावाने भांडणारा माणूस कानामागे घामेजून मनात म्हणत होता, असं कसं झालं? खरं तर दोन शाळांतून एक निवडायची एवढाच मामला होता. एक ही कॉन्व्हेंट, गुलाबी इमारत, पिवळी बस, टाय, बूट, सगळं इंग्रजीत. दुसरी बाजाराच्या मागची, तीही खाजगीच, गावातल्याच एका संस्थेची. तिला सगळे टिनाची शाळा म्हणतात, कारण अर्ध्या वर्गांवर अजून टिनाचे पत्रे आहेत. मराठीत शिकवतात, इंग्रजी पहिलीपासून थोडं थोडं. तिथले शालीकराम गुरुजी दुकानावर औषध न्यायला येतात, त्यांनी म्हणून ठेवलं होतं, "आना कधीही पोरीले, इंटरव्ह्यू-फिंटरव्ह्यू काही नाही आपल्याकडे." रीताचं मत ठाम होतं. ती गोंदियाची, हिंदी शाळेत शिकलेली. तिचं म्हणणं साधं होतं, आपल्याला जे अडलं ते पोरीला अडू नये. हिमांशूला कालपर्यंत दोन्हींपैकी कोणतीही चालली असती. आता मात्र कॉन्व्हेंटचं नाव निघालं की तो विषय बदलायचा.

ते वाक्य त्याच्याकडे फार जुनं होतं. गोंदियाला कॉलेजात सायन्सला गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सरांनी वर्गात एकेकाला उठवून नाव विचारलं होतं, इंग्रजीत. नाव! त्यात न येण्यासारखं काय होतं? गावच्या शाळेतून तो पहिला नंबर घेऊन आला होता. पण पाळी आली तेव्हा तो उठला आणि घशातून आवाजच निघाला नाही. वाक्य समोर दिसत होतं, भिंतीवर लिहिल्यासारखं, आणि ते वाचायला तोंड उघडत नव्हतं. सर म्हणाले, "नेम भूल गया क्या?" आणि वर्ग हसला. त्या हसण्यात गोंदियाच्या पोरांचं हसणं होतं, इस्त्रीच्या शर्टांचं. दिवाळीनंतर त्याने सायन्स सोडलं, आर्ट्सला गेला, पुढे दुकान टाकलं, दुकान चाललं, लग्न झालं, चांदनी झाली, सगळं नीट झालं. तक्रारीला जागाच नव्हती. पण कधी गाडीवर एकटा असला, अंगावर वारा घेत धानाच्या बांध्यांमधून जात असला, की ओठ आपोआप हलायचे. माय नेम इज हिमांशु ईश्वरदास गहाणे. कोणी विचारत नसायचं. तरी तो सांगायचा. इतकी वर्षं जिभेखाली ठेवलेलं ते उत्तर शेवटी निघालं, तर कुठे? पोरीच्या पहिलीच्या इंटरव्ह्यूत. त्याला स्वतःचं हसूही आलं आणि रडूही. हसू जरा जास्त होतं.

हसू घालवलं ते चांदनीने. त्या दिवसापासून तिला नवा खेळ सापडला. समोर येईल त्याला ती खुर्चीवर बसवायची आणि स्वतः मॅडम व्हायची. "वॉट इज युवर नेम?" समोरच्याने ताडकन उठायचं, हात मांड्यांना लावायचे, हनुवटी वर. नीट नाही उठलं तर पुन्हा. शेजारचे केशोराव, पोस्टातून रिटायर झालेले, गुडघे धरत चार वेळा उठले. दूधवाल्याला तिने उठवलं. बाहुली दर वेळी घसरून पडायची म्हणून तिला भिंतीला टेकवून उभी केली. सगळे हसायचे, रीतासुद्धा. आणि हिमांशु हसता हसता मध्येच थांबायचा. पोरगी हुबेहूब करायची. खांदे मागे घेणं, मान ताठ करताना गळ्याची शीर फुगवणं, सगळं. मी असा दिसतो? मग त्याला पुढचं दिसायला लागायचं. ती चौथीत, सहावीत, भराभर इंग्रजी बोलणारी, मैत्रिणी घरी आलेल्या, आणि ती त्यांना सांगतेय, माझ्या पप्पांनी ना, इंटरव्ह्यूत... आज ती आपल्याजवळ बसून हसते आहे. उद्या ती आपल्याला हसेल. ही भीती त्याला अगदी स्वच्छ कळत होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नाही, हेही. बरं, टिनाच्या शाळेत घातलं, आणि उद्या तीच कुठल्या तरी वर्गात उठून मुकी उभी राहिली तर? मग ते दुखणं आपणच तिला हाताने दिलं, असं होईल. इकडे गेली तर ती आपल्यापासून लांब जाणार, तिकडे गेली तर आपल्यासारखी होणार. ह्या दोन्हींच्या मध्ये तो आठवडाभर युरिया विकत होता.

मग गुरुवारी सकाळी त्याला सुचलं की विचार करत कशाला बसायचं, सरळ जाऊन पाहावं. पाहण्याची एक रीत त्याच्या घराण्यात होतीच. गहाणे जातीने कोहळी. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी माणसं. त्याच्या लहानपणी वडिलांनी, ईश्वरदासांनी, शेतात बोडी खोदायची ठरवली होती. बोडी म्हणजे शेतातला लहानसा तलाव. ते दोन पावसाळे नुसते पाहत राहिले. भर पावसात लहान हिमांशूला घोंगडीत घेऊन ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहायचे. वाहतं पाणी पाहून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. पाऊस उघडल्यावर पाणी कुठे रेंगाळतं, कुठे सगळ्यात शेवटी आटतं, बगळे कुठे उतरतात, ते पाहायचं. कोणाला विचारायचं नाही. ओल्या घोंगडीचा वास, बापाच्या बरगड्यांची ऊब आणि समोर पसरलेलं गढूळ पाणी, हिमांशूला ते तेव्हा फार कंटाळवाणं वाटायचं आणि आता वाटत होतं की त्याहून जास्त सुख त्याने पाहिलेलं नाही. तर त्याने दुकानावर कामाच्या पोराला बसवलं आणि शाळा सुटायच्या वेळी कॉन्व्हेंटसमोरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिला. एप्रिलात सगळ्याच शाळा सकाळच्या. घंटा झाली, मुलं रांगेत बाहेर आली, बसमध्ये, ऑटोत, मोटारसायकलींवर चढली, आणि पान रंगायच्या आत फाटक मोकळं झालं. एक रुमाल तेवढा पडला होता. दुसऱ्या दिवशी टिनाच्या शाळेसमोर. इथे घंटा झाली तरी मुलं जाईनात. हातपंपावर पाणी उडवत होती, कडुनिंबाखाली गोट्या चालल्या होत्या, दोन मुली पायरीवर दप्तराची उशी करून गप्पा मारत आडव्या पडल्या होत्या. ऊन चढलं, शालीकराम गुरुजी कुलूप लावून गेले, तरी मुलं तिथेच. हिमांशूच्या अंगावरून मोरपीस फिरलं. इथे थांबतं! इथे पाणी थांबतं! निघताना तो गुरुजींच्या घरी जाऊन अर्धवट शब्दही देऊन आला.

रीता तांदूळ निवडत होती. तिने त्याचं सगळं बोलणं मधे न बोलता ऐकलं. पानठेला, रांग, रुमाल, हातपंप, पायरी. मग सूप बाजूला ठेवलं.

"तुमी पोरं पाहाले गेले होते का पानी?"

"म्हंजे?"

"म्हंजे असं, की ते लेकरं थांबून राहातेत, कारण त्यायच्या घराले कुलूप आहे. आया मोहा वेचाले जंगलात गेल्या राहातेत. अकरा-साडेअकराशिवाय येत नाहीत. एवढंही ध्यानात नाही आलं तुमाले? तुमची आई नव्हती का जात?"

हिमांशूला आठवलं. जात होती. सुशीलाबाई, त्याची आई, चैत्रात पहाटेच टोपली घेऊन निघायची, आणि शाळा सुटली की तोही असाच कुठे कुठे रेंगाळायचा, घराला कुलूप असायचं म्हणून. मोह्याच्या फुलांचा तो गोड, जड वास आईच्या लुगड्याला यायचा. आज टिनाच्या शाळेसमोर तोच वास वाऱ्यावर होता, म्हणूनच तर त्याला तिथे इतकं बरं वाटलं होतं. शाळा काय, मास्तर काय, ह्यातलं त्याने काहीच पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःचं लहानपण पाहिलं होतं, आणि तेही चुकीचं वाचलं होतं.

"आन कॉन्व्हेंटचे लेकरं लवकर जातात, कारण ऑटोवाला थांबत नाही," रीता म्हणाली आणि हसू दाबत पुन्हा सूप उचललं. "कोहळ्याच्या घरी लग्न करून दिलं मले बाबानं. नशीब, लग्नाआधी मले पाहाले दोन पावसाळे नाही बसले."

"मंग तूच सांग काय करू."

"उद्या शनिवार आहे. पोरीले घेऊन जाऊ. तुमाले भेव लागत असंल तं बाहेर थांबा." हे तिने हसत नाही म्हटलं, अगदी साधेपणी म्हटलं. म्हणजे हिला कळलेलं आहे. कॉलेजचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तरी कळलेलं होतं. बायकोला आपलं कळलेलं आहे, ही गोष्ट आधी बोचली आणि मग हळूहळू, भात शिजल्याचा वास घरात पसरावा तशी, बरी वाटायला लागली.

संध्याकाळी तो चांदनीला गाडीवर पुढे बसवून गावाकडे गेला, उगाच. आईने पोरीला लगेच ताब्यात घेतलं. बाप अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी दोन्ही शाळांची हकीकत ऐकली आणि "आमच्या शारेत तं मास्तरच नव्हता," एवढंच बोलले, मग दोरीत गुंतले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळतं असं दाखवायची हौसही नव्हती. हिमांशु फिरत फिरत गावाबाहेर गेला. तिथे कोरडी बोडी आहे. त्याच्या खापरपणज्याने, दुधरामने, खोदलेली. दुधरामही म्हणे दोन पावसाळे पाहत उभा होता, सगळं पाहून, जोखून जागा धरली, अख्खं गाव लावून पाळ बांधली, आणि पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आत सगळं पाणी जमिनीने पिऊन टाकलं. खाली मुरूम निघाला. तलाव बांधणाऱ्यांच्या गावात तलाव चुकला! म्हातारा त्यानंतर त्या वाटेने कधी गेला नाही म्हणतात, शेताला जायचा तर मोठा फेरा घालून. गावाने दुसरीकडे दुसरी खोदली, तिच्यात अजून पाणी आहे. आणि ह्या कोरड्या खड्ड्यात, चारी बाजूंनी उंच पाळ, तळ सपाट, चेंडू बाहेर जायची सोय नाही, अशा ह्या खड्ड्यात गावची पोरं पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली. हिमांशु इथेच विटीदांडू खेळला होता, इथेच पडून त्याचा दात तुटला होता. आत्ताही क्रिकेट चाललं होतं. चांदनी आजीचा हात सोडवून धावत आली आणि पाळीवरून घसरगुंडी करत खाली गेली, फ्रॉकसकट, लाल धूळ उडवत. मागून सुशीलाबाई ओरडली, "अवं, काऊन घसरून राहिली व, कपडे फाटतीन ना!" हिमांशु पाळीवर बसून पाहत राहिला. पाळीचे दगड दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होते. त्याला दुधरामची कीव आली. बिचारा फेरा घालून जात राहिला. एकदा इकडून आला असता तर त्याला दिसलं असतं.

शनिवारी तो बाहेर थांबला नाही. तसं कबूल करायला पाहिजे की पायऱ्या चढताना त्याने रीताला पुढे होऊ दिलं. मॅडमच्या खोलीत आज तीन-चार मुलं एका बाकावर बसवली होती, आईबाप मागे. चांदनीशेजारी एक बारकी मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, डोळ्यांत भरपूर काजळ. तिची आई रविता हिमांशूच्या ओळखीची होती. तिचा नवरा हेमेंद्र दुकानावर यायचा, पलीकडच्या गावचे पोवार. घरात पोवारी बोलणारी माणसं. मॅडमने सुरुवात त्या मुलीपासूनच केली. "व्हॉट इज युवर नेम, बेटा?" मुलगी मॅडमकडे पाहत राहिली. मॅडमने पुन्हा विचारलं, गोड आवाजात, मग हिंदीत. मुलीची हनुवटी थरथरायला लागली. मागे रवितानेही ओठ घट्ट मिटले होते, तिच्या मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले गेले होते. कूलर घरघरत होता. हिमांशूला ते सगळं आतून माहीत होतं, नाव समोर दिसतंय आणि तोंड उघडत नाही. आता ती मुलगी रडणार आणि कोणीतरी हसणार.

तेवढ्यात बाकावरून चांदनी उठली. ताडकन. दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर केली, गळ्याची शीर फुगवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय नेम इज चांदनी हिमांशु गहाणे."

"तुला नाही विचारलं, बेटा," मॅडम म्हणाल्या. "तिला विचारलं."

"माहीत आहे," चांदनी म्हणाली. "पन तिले नाही येऊन राहिलं ना, म्हून मी उठली."

"असं?"

"आमच्याकडं असंच करतात. मले नव्हतं येत तं पप्पा उठले होते."

हिमांशूला आधी शब्द ऐकू आले आणि अर्थ नंतर, ट्रक पुढे गेल्यावर मागाहून धूळ यावी तसा. म्हणजे ती आपल्याला हसत नव्हती. टाळ्या वाजवल्या त्या ह्यासाठी. केशोरावांना उठवलं, दूधवाल्याला उठवलं, बाहुली भिंतीला टेकवली, ते सगळं ह्यासाठी. ती आठवडाभर त्याची नक्कल करत नव्हती, शिकत होती. कोणी अडलं की आपण उठायचं आणि आपलं नाव सांगायचं, मग त्याची भीती जाते. इतकी वर्षं जिभेखाली सडत पडलेलं ते वाक्य तिने उचललं होतं आणि धुऊनपुसून कामाला लावलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ह्या खोलीत ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही. बाकावर दोन वेण्यांची मुलगी वर मान करून चांदनीकडे पाहत होती. मग तीही घसरून खाली उतरली, हात फ्रॉकला चिकटवले आणि पुटपुटली, "रिंकी." एवढंच. मॅडमने पेन खाली ठेवलं. "व्हेरी गुड, रिंकी," त्या म्हणाल्या, आणि चांदनीला काहीच न विचारता तिचा फॉर्म प्रवेशाच्या गठ्ठ्यात ठेवून पुढच्या मुलाकडे वळल्या.

बाहेर ऊन रणरणत होतं. फाटकाशी रीताने विचारलं, "मंग?"

"ड्रेसचं माप देऊनच जाऊ," हिमांशु म्हणाला. "चौकातल्या टेलरकडं. मंग गर्दी होते."

"आन गुरुजीले शब्द देऊन आले ते?"

"जातो संध्याकाळी, सांगतो. ते काही रागावत नाहीत. नाही जमलं पोरीले इथं, तं त्यायचं दार उघडंच आहे." रीताने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खरंच निवांत होता. ही शाळा बरोबर की चूक, हे त्याला आजही माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची आज भीती नव्हती.

गाडीवर चांदनी पुढे टाकीवर, रीता मागे. हायवेवर एक लांबलचक ट्रक भोंगा वाजवत गेला, तो जाऊ देईपर्यंत हिमांशूने गाडी कडेला घेतली. चांदनीने मान उलटी करून खालून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"पप्पा, मी शाळेत जाईन तं तुमी येसान का तिथं?"

"कधी बोलावलं तं येईन. मिटिंग राहाते आईबाबाची."

"मॅडम तुमाले विचारतीन का?"

"विचारतीन काही काही."

ती आरशाच्या दांड्याला धरून नीट सरळ बसली.

"तुमाले नाही आलं ना, तं मी उठीन," ती म्हणाली.

"हो," हिमांशु म्हणाला आणि टेलरच्या दुकानाकडे गाडी वळवली.